आईंना झोप लागेल अशा रहस्यकथा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई 71 वर्षांच्या, जन्मभर रहस्यकथा वाचत आलेल्या. गेल्या दिवाळीत तुम्ही त्यांना स्वीडनकडच्या दोन गाजलेल्या कादंबऱ्या आणून दिल्यात. त्यांनी दोन्ही संपवल्या (हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल) आणि मग पंधरा दिवस रात्री उठून दाराची कडी तपासत राहिल्या. आता त्यांचं म्हणणं, "रहस्य हवं, पण ते चिरफाडीचं नको." तुम्ही विचारताय की असं काही असतं का, मराठीत मिळतं का, आणि ते बाळबोध तर नसेल ना.

असतं, आणि पुष्कळ असतं. मराठीत काही मिळेल, काही इंग्रजीत वाचावं लागेल. आई इंग्रजी सावकाश का होईना वाचतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे प्रश्न मिटला. बाळबोधपणाच्या शंकेवर मात्र जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे.

मी डोंबिवलीत सर्क्युलेटिंग लायब्ररी चालवते. सासऱ्यांनी सुरू केली, 1991पासून काउंटरवर मी आहे. इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "ताई, काहीतरी हलकं द्या." हलकं म्हणजे काय, हे माणसागणिक वेगळं. सकाळच्या 8:05च्या लोकलला लटकून जाणाऱ्याला हलकं म्हणजे वजनाला हलकं. बारावीचा मुलगा असलेल्या आईला हलकं म्हणजे ज्यात कुणाची परीक्षा नाही असं. आणि हॉस्पिटलात कुणाच्या उशाशी रात्री काढणारा माणूस हलकं मागतो तेव्हा त्याला विनोदी पुस्तक बहुतेक वेळा नको असतं. तो रहस्यकथाच मागतो, फक्त अशी, जिच्यात शेवटी काहीतरी जागेवर येतं.

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाकू. सौम्य रहस्यकथेत खून नसतोच असं काही नाही. इंग्रजीत या प्रकाराला 'कोझी' म्हणतात, म्हणजे पांघरुणात पाय घेऊन वाचायचं. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ 1989पासून अशा पुस्तकांचा वार्षिक मेळावा भरतो आणि अगाथा ख्रिस्तीच्या नावाचे पुरस्कार दिले जातात. त्यांची अट एवढीच, की उघडं लैंगिक वर्णन नको आणि रक्तामांसाची उधळण नको. प्रेत चालतं. म्हणजे प्रेत आहे की नाही एवढ्यावरून पुस्तकाचा स्वभाव ठरत नाही. मी तो ओळखते शेवटच्या दहा पानांवरून: खरं काय ते कळल्यावर शोधणारा माणूस पुढे काय करतो? काळ्या कादंबरीत खरं कळलं की आणखी अंधार पडतो, माणूस किती खाली जाऊ शकतो ते दिसतं. त्यालाही मोल आहे. स्वीडनमध्ये श्योवाल आणि वालू या जोडप्याने 1965 ते 1975 या दहा वर्षांत दहा पोलिसी कादंबऱ्या लिहिल्या, त्या आपल्या समाजावर राग काढण्यासाठीच. तो राग खरा होता. पण सौम्य रहस्यकथेतल्या शोधणाऱ्यासमोर दुसराच पेच असतो. उद्या सकाळी याच गावात, याच गल्लीत, याच माणसांबरोबर राहायचं आहे. मग खरं सांगायचं कुणाला, किती, आणि कसं?

याचा धडा मला पुस्तकातून मिळाला नाही, रजिस्टरातून मिळाला.

काही वर्षांपूर्वी आमच्या रहस्यकथांच्या कपाटात फुल्या सापडायला लागल्या. पेन्सिलीनं काढलेली बारीक फुली, नेहमी 21व्या पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात. एका सभासदाने डोकं लढवून जाहीर केलं, की ज्याच्या नावाजवळ फुली तो खुनी, कुणीतरी मुद्दाम रहस्य फोडतंय. झालं. लोक आधी 21वं पान उघडून बघायला लागले. एक गृहस्थ तर फुलीवाली पुस्तकं काउंटरवर आपटून वर्गणी परत मागत होते. मी संध्याकाळी रजिस्टर घेऊन बसले. फुली असलेली चौदा पुस्तकं, आणि ती कुणाकुणाकडे गेली त्यांची नावं. चौदाही पुस्तकं गेलेली दोनच घरं निघाली. त्यातले एक रेल्वेतून निवृत्त झालेले काका. ते पुस्तकाला ब्राऊन पेपर घालून परत करणारे, ते कशाला लिहितील? उरल्या एक आजी. त्यांची पुस्तकं सून बदलून नेत असे.

एकदा आजी स्वतः आल्या. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, 21वं पान उघडलं, कोपरा पाहिला आणि परत ठेवलं. दुसरं घेतलं, कोपरा कोरा होता, ते घेतलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फुली म्हणजे 'वाचलंय'. रहस्यकथांची नावं सगळी सारखी, काळी अमुक नि लाल तमुक, आणि आजींच्या लक्षात राहीनासं झालं होतं. घरात कुणाला कळू नये म्हणून त्यांनी ही खूण शोधली होती.

मी कुणालाच काही सांगितलं नाही. आपटणाऱ्या गृहस्थांना म्हटलं, बायंडरची खूण असते ती, फॉर्मे जुळवताना करतात. धादांत खोटं. आणि आजींच्या नावाची एक वेगळी वही केली, त्यांना दिलेलं प्रत्येक पुस्तक तिच्यात लिहायला लागले. सुनेला सांगितलं, आता सगळ्यांचीच करतोय. फुल्या आपोआप थांबल्या.

तर बाळबोध म्हणायचं तर याला म्हणा. मला मात्र खुनी पकडण्यापेक्षा हे अवघड वाटलं.

आता पुस्तकांकडे वळते. सुरुवात शेरलॉक होम्सपासून, कारण आईंच्या ओळखीचा. लोकांना त्याच्या नावाने तो दलदलीतला भयंकर कुत्रा आठवतो, पण त्याच्या कितीतरी उत्तम कथांमध्ये खूनच नाही. 1891 साली आलेली तांबड्या केसांच्या मंडळाची गोष्ट घ्या. एका सावकाराला केस तांबडे आहेत म्हणून आठवड्याला चार पौंड पगार मिळतो, आणि काम काय, तर विश्वकोश उतरवून काढायचा. बिचारा इमानेइतबारे 'ए' अक्षर उतरवत बसतो. वाचताना आधी हसू येतं, आणि हसताहसताच कळतं की इथे काहीतरी शिजतंय.

त्याहून मला प्रिय आहे ती निळ्या रत्नाची कथा, 1892च्या जानेवारीतली. नाताळच्या हंसाच्या पोटात चोरीचं रत्न सापडतं. होम्सच्या हाती फक्त एक जुनी टोपी, आणि तेवढ्यावरून तो सांगतो की मालक हुशार आहे, त्याचे दिवस फिरलेत आणि बायकोचं त्याच्यावरचं प्रेम आटलंय. का, तर टोपीवर कित्येक दिवसांची धूळ, बायकोने ती झटकलेली नाही! (आमच्याकडे या हिशेबाने अर्ध्या डोंबिवलीचे संसार मोडलेले निघतील.) आणि शेवट? चोर हातात आलाय, थरथर कापतोय, आणि होम्स त्याला दार उघडून हाकलून देतो. याला आता तुरुंगात घातला तर जन्माचा गुन्हेगार होईल, सणाचे दिवस आहेत, पोलिसांच्या उणिवा भरून काढायला मला कुणी ठेवलेलं नाही, असा त्याचा हिशेब. निरपराध माणूस सुटणार आहे याची खात्री मात्र त्याने आधी करून घेतलेली असते. होम्सचे मराठी अनुवाद एकाहून अधिक आहेत, आमच्याकडे भालबा केळकरांचे सगळ्यात जास्त झिजलेत. आईंना ही कथा पहिली द्या. तासाभरात संपेल.

होम्सच्या जोडीला फादर ब्राऊन. चेस्टरटनने 1910 साली हा बुटका, गोल चेहऱ्याचा, छत्री सांभाळता न येणारा पाद्री आणला. पाद्री का, तर कबुलीजबाब ऐकून ऐकून माणसाच्या मनात काय काय असतं हे त्याला कुठल्याही पोलिसापेक्षा जास्त ठाऊक. फ्लांबो नावाचा अट्टल चोर पहिल्या कथेपासून त्याच्या वाटेत येतो. एका कथेत फ्लांबो चोरलेले हिरे घेऊन झाडावर चढलाय आणि फादर ब्राऊन खाली उभं राहून नुसतं बोलतो: चांगुलपणाला एक पातळी गाठून तिथे थांबता येतं, वाईटपणाला तसं थांबता येत नाही, रस्ता खालीच जात राहतो. थोड्या वेळाने वरून हिरे खाली पडतात. पुढे हाच फ्लांबो खासगी गुप्तहेर होतो आणि फादरचा जिवलग दोस्त. भाषा जरा नटवी आहे आणि काही ठिकाणी त्या काळचे ग्रह खटकतात. आईंना दोनतीन कथांवर आवडलं तर पुढे जा, नाहीतर सोडा.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ती आफ्रिकेतल्या बोत्स्वानाची बाई.

तिचे लेखक अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ हे एडिनबरा विद्यापीठात वैद्यकीय कायद्याचे प्राध्यापक होते. जन्म 1948चा, बुलावायोचा, म्हणजे आताच्या झिंबाब्वेतला. मध्ये ते बोत्स्वानातल्या विद्यापीठात कायदा शिकवायला होते. 1998 साली त्यांची पहिली 'नंबर वन लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी' एडिनबराच्या एका छोट्या प्रकाशनाने काढली, आणि मालिका आता पंचविशी गाठून बसली आहे. मराठीतही तिचे अनुवाद झालेत. शोधून ठेवा.

नायिका प्रेशियस रामोत्स्वे. तिथल्या भाषेत बाईला आदराने 'म्मा' आणि पुरुषाला 'रा' म्हणतात, म्हणून ती म्मा रामोत्स्वे. वय पस्तिशीच्या आसपास, अंगाने भरलेली. स्वतःबद्दल ती 'पारंपरिक बांध्याची' असं म्हणते आणि त्यात तिला काडीचाही कमीपणा वाटत नाही. वडील दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत राबले, पैसे साठवून गुरं केली. मरताना ते म्हणाले, गुरं विक आणि एखादा धंदा टाक, खाटकाचं दुकान टाक. ही म्हणाली, मी डिटेक्टिव्ह एजन्सी काढणार. वडिलांचे डोळे विस्फारले, "पण... पण..." एवढंच तोंडून निघालं, आणि ते गेले. रडावं की हसावं कळत नाही अशी ती जागा आहे. सबंध मालिकेचा सूर तिथे लागतो.

एजन्सीची मालमत्ता ऐका: एक छोटी पांढरी व्हॅन, दोन टेबलं, दोन खुर्च्या, टेलिफोन, जुना टाइपरायटर, एक चहाची किटली आणि तीन मग. एक स्वतःला, एक सेक्रेटरीला, एक अशिलाला. चहा तिकडचा तांबडा, झुडपाचा. सेक्रेटरी म्मा मकुत्सी. सेक्रेटरियल कॉलेजात 97 टक्के मिळवलेली आणि ते आल्यागेल्याला ऐकवणारी. आपल्याकडे अशी एक तरी मावशी प्रत्येक खानदानात असते.

प्रकरणं कसली? नवरा बाहेर काही करतोय का बघा. एका बाईकडे एक म्हातारा येऊन म्हणतो, मी तुझ्या लहानपणी घर सोडून गेलेला बाप, आणि मग पाय पसरून बसतो, खातो, कामाला हात लावत नाही. हा खरंच बाप आहे का? म्मा रामोत्स्वे नर्सचा वेश करून त्याच्याकडे जाते: मुलगी जखमी आहे, रक्त हवंय, बापाचंच चालेल, पण इतकं लागेल की देणारा बहुतेक वाचायचा नाही. बापाला क्षणभर तरी विचार करावा लागला असता का? एवढीच परीक्षा. या युक्तीला ना प्रयोगशाळा लागली ना पिस्तूल. आपल्या पुराणकथांत, बिरबलाच्या गोष्टींत हीच जात आहे, म्हणून मराठी वाचकाला ती परकी वाटत नाही. आमच्याकडे ही मालिका सुरुवातीला कुणी नेत नव्हतं. मुखपृष्ठ पाहून लोक विचारत, "आफ्रिकेचं? प्रवासवर्णन का?" मग मी पाचसहा बायकांना जबरदस्तीने दिली, आणि त्यांनी पुढचं काम केलं.

आणि तुमच्या बाळबोधपणाच्या शंकेचं उत्तरही इथेच आहे. या हसऱ्या बाईचं पहिलं लग्न एका ट्रंपेट वाजवणाऱ्या देखण्या माणसाशी झालं होतं. तो तिला मारायचा. तिचं बाळ जन्मल्यावर काही दिवसांत गेलं. लेखक हे लपवत नाहीत, पण त्यावर रेंगाळतही नाहीत. आपल्याकडच्या कितीतरी आज्या अशाच असायच्या. काय काय सोसलं हे एका वाक्यात सांगायच्या आणि पुढच्या वाक्यात विचारायच्या, भाकरी खाणार का. सौम्य लिहिणाऱ्याला अंधार ठाऊक नसतो असं नाही. दिवा कुठे ठेवायचा एवढं तो स्वतः ठरवतो. टीका करायची तर ही, की पुढच्या काही भागांत रहस्य फारच पातळ होतं आणि नुसता चहाच उरतो. पहिली चारपाच उत्तम.

अगाथा ख्रिस्तीबद्दल थोडक्यात, कारण आईंनी ती वाचलेली असणारच. मिस मार्पल 1927 साली एका लघुकथेत आली, 1930 साली कादंबरीत. विणकाम करणारी म्हातारी, आणि पद्धत एकच: हा माणूस मला आमच्या गावातल्या अमक्याची आठवण करून देतो. वाड्यात वाढलेल्या कुणालाही ही पद्धत नव्याने शिकवावी लागत नाही. पण एक सावधगिरी. मार्पल दिसते तितकी मऊ नाही. माणसाबद्दल वाईटात वाईट धरून चालायचं आणि बहुधा ते बरोबर निघायचं, हा तिचा स्वभाव ख्रिस्तीने आपल्या आजीवरून घेतला. पहिल्या महायुद्धात ख्रिस्तीने हॉस्पिटलच्या औषधालयात काम केलं होतं, त्यामुळे विषं तिला तोंडपाठ. खून भरपूर आहेत, रक्त कमी. आईंची तक्रार चिरफाडीबद्दल असेल तर मार्पल चालेल. तक्रार माणसांच्या दुष्टपणाबद्दल असेल तर थोडं थांबा. हा फरक त्यांनाच विचारून घ्या, अंदाज करू नका.

ख्रिस्तीच्या पिढीचं एक ऋण मानायला हवं. 1929 साली रोनाल्ड नॉक्स या पाद्र्याने रहस्यकथेचे दहा नियम लिहिले: गुप्त भुयार एकापेक्षा जास्त नको, तयारी केल्याशिवाय जुळे भाऊ आणू नका, गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही दाखवा. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये लेखकांचा डिटेक्शन क्लब निघाला आणि चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष झाले. थोडक्यात, वाचकाशी फसवाफसवी नको. ज्या बायका दुपारी शब्दकोडं सोडवतात त्यांना अशी पुस्तकं का आवडतात, हे यात आलं.

बंगालकडे गेलो की गुप्तहेर फेलूदा. सत्यजित राय यांनी 1965 साली 'संदेश' या मुलांच्या मासिकात त्याला आणलं. वाचक लहान, म्हणून कथा स्वच्छ ठेवणं भाग, आणि हे काम सोपं नाही असं राय यांनीच लिहून ठेवलंय. विवाहबाह्य भानगडी नाहीत, मारामारी जेवढ्यास तेवढी, मग गुन्हा उरतो कशाचा? जुन्या वस्तूंचा, हस्तलिखितांचा, मूर्तींचा. एक कथा तर आपल्या वेरूळची आहे. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातल्या यक्षीचं मस्तक चोरीला जातं आणि माग काढत मंडळी कैलास लेण्यापर्यंत येतात. वेरूळ पाहिलेल्या आईंना ती वाचताना वेगळीच मजा येईल.

पण फेलूदाचं खरं रत्न म्हणजे लालमोहन गांगुली ऊर्फ जटायू, थरारक कादंबऱ्यांचे लोकप्रिय लेखक. 'सोनार केल्ला'मध्ये ते रेल्वेच्या डब्यात भेटतात आणि मग पाठ सोडत नाहीत. त्यांच्या पुस्तकांत भूगोलाच्या नि प्राणिशास्त्राच्या चुका ठासून भरलेल्या, आणि फेलूदा त्या शांतपणे दाखवत राहतो. रक्तबंबाळ पॉकेटबुकांची याहून प्रेमळ थट्टा मी वाचलेली नाही. अशोक जैन यांनी फेलूदा मराठीत आणलाय. मुलांच्या कपाटात ठेवतात म्हणून मोठ्यांच्या नजरेतून सुटतो. मी त्याचे दोन संच ठेवते, एक मुलांकडे, एक आज्यांकडे. बंगालचाच दुसरा गुप्तहेर ब्योमकेश बक्षी मात्र या यादीत घालत नाही. लेखन उच्च, आणि त्याचे लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय 1952पासून पुण्यात राहिले म्हणून थोडा आपलाही वाटतो, पण त्याच्याकडे प्रेतांची वर्दळ फार.

मुंबईचा एक सरळमार्गी इन्स्पेक्टर सांगते, गणेश घोटे. निर्माता इंग्रज, एच. आर. एफ. कीटिंग. 1964 साली 'द परफेक्ट मर्डर' लिहिलं तेव्हा त्यांनी मुंबई पाहिलेली नव्हती, पहिल्यांदा आले ते दहा वर्षांनी. त्यामुळे आपण वाचताना काही ठिकाणी फिस्सकन हसतो. पण घोटेची कुचंबणा इतकी खरी! परफेक्ट आडनावाच्या पारशी सेक्रेटरीच्या डोक्यात कुणीतरी घाव घातलाय, घरचा शेठ उभं करत नाही, आणि त्याच वेळी मंत्र्यांच्या टेबलावरून एक रुपयाची नोट नाहीशी झालीय, तिचाही तपास घोटेच्याच गळ्यात. शिवाय पाठीशी लागलेला एक स्वीडिश पाहुणा. पुढे याच स्वीडनने तुमच्या आईंची झोप उडवावी! 1988 साली यावर चित्रपट आला, नसीरुद्दीन शाह घोटे झाला होता.

मराठीचं काय? इथे मला थोडं कडू बोलावं लागेल. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. झुंजार आणि विजया आईंना आठवत असतील. आमच्यासारख्या लायब्रऱ्या एके काळी त्याच्यावर जगल्या. त्यात रक्तपात फार नाही, पण धाडस आहे, पाठलाग आहे, वेषांतर आहे. आपला मराठी गुप्तहेर कायम मर्दानी राहिला. हसतखेळत माग काढणारा आपल्याकडे एकच, भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, फुरसुंगीचा, सायकलवरचा, 'ट्टॉक' करणारा. तोही मुलांचा. टीव्हीवर 1985 साली गाजर खाणारा करमचंद आला तेव्हा घराघरांत लोक हसतहसत रहस्य बघत होते, म्हणजे हौस होती. पण मोठ्यांसाठी, घरगुती, विनोदी, माणसांवर माया करणारा मराठी गुप्तहेर, ज्याची दहा पुस्तकं ओळीने कपाटात लागतील, असा मला कुणी देता आलेला नाही. सामग्री मात्र ढिगाने पडलीय. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गायब झालेलं इतिवृत्ताचं पुस्तक, भिशीचा न लागणारा हिशेब, लग्नातल्या आहेराच्या पाकिटांतून उडालेलं एक पाकीट. या गोष्टी आपण विनोदी लेखात वापरून संपवतो. यात रहस्य आहे हे कुणाच्या मनातच येत नाही.

जपानी लोकांच्या मनात आलं. जपानी शिकलेल्या आमच्या एका सभासद मुलीने मला सांगितलं, तिकडे 'रोजच्या जगण्यातली कोडी' असा वेगळा प्रकारच आहे. काओरू कितामुरा या शाळामास्तरांनी 1989च्या आपल्या पहिल्या पुस्तकाने त्याला तोंड फोडलं. एका कथेत चहाच्या दुकानात तीन मुली बसल्यात आणि कपात चमच्यामागून चमचा साखर ओततायत. का? एवढंच कोडं. ते सोडवतो कोण, तर मंचावर बसून विनोदी गोष्टी सांगणारा एक कथेकरी. आपल्या कीर्तनकाराला अशी नोकरी कुणी अजून दिलेली नाही.

अलीकडचं एक इंग्रजी नाव, रिचर्ड ऑस्मन. 2020 साली त्यांचं 'थर्सडे मर्डर क्लब' आलं. केंट परगण्यातल्या निवृत्तांच्या वसाहतीत चार म्हातारी माणसं दर गुरुवारी जमून जुनी, न सुटलेली प्रकरणं चघळतात. त्यातल्या जॉइसची डायरी वाचताना मी काउंटरवर एकटीच हसत होते. पण त्यात विस्मरणाने हळूहळू दूर जाणारा एक नवरा आहे. ज्या घरात तसं कुणी आहे, तिथे मी हे पुस्तक विचारून देते.

एक काळजी घ्या. दुकानात किंवा ऑनलाइन 'कोझी' म्हणून जे शेकड्याने मिळतं, मुखपृष्ठावर मांजर, केक आणि लोकरीचा गुंडा, त्यातलं पुष्कळसं साच्यातलं असतं. अँजेला लॅन्सबरीची 'मर्डर, शी रोट' ही गाजलेली अमेरिकन टीव्ही मालिका 12 वर्षं चालली, 264 भाग, आणि त्या एवढ्याशा गावात इतके खून झाले की लोक आजही थट्टेने विचारतात, तिथे माणसं उरली कशी? मालिका गोड होती, पण साचा तिथूनच सगळीकडे पसरला. ओळखायची खूण सांगते. मेलेल्या माणसासाठी पुस्तकात कुणीच दोन मिनिटं थांबत नसेल, तर वर कितीही केक असोत, ते आतून कोरडं आहे.

मग आईंना द्यायचं कसं? आधी होम्सची निळ्या रत्नाची कथा. आवडली तर फेलूदाची वेरूळची. मग बोत्स्वाना, पहिल्या भागापासूनच. इंग्रजी वाचायचा उत्साह असेल तेव्हा घोटे. आणि "आता आईला हलकंच द्यायचं" असं त्यांच्यासमोर म्हणू नका. त्यांनी ती दोन्ही स्वीडिश पुस्तकं शेवटपर्यंत वाचली आहेत. त्यांना झेपलं नाही असं नाही, त्यांना तसलं नको आहे. उद्या त्यांनी पुन्हा एखादं काळंकुट्ट मागितलं तर तेही आणून द्या.

राहिली एक गोष्ट. फुल्यांच्या प्रकरणानंतर मी शपथ घेतली होती की कुणाचं रहस्य फोडायचं नाही, पण तुमच्या आईंसाठी एकदा मोडते. बोत्स्वानाच्या पहिल्या पुस्तकात एक लहान मुलगा नाहीसा होतो. जादूटोण्याचं औषध करणाऱ्यांनी नेला असावा अशी भीती गावात असते, आणि ती पानं रात्री वाचण्यासारखी नाहीत. तिथे पोचण्याआधी त्यांना सांगून ठेवा: मुलगा जिवंत सापडतो.